ताहोच्या दारात वणवा: कॅल्डोर फायर, साउथ लेक ताहो आणि आपण जाणारे-येणारे

निळाई | २८ ऑगस्ट २०२१, सकाळी ९:१०

पुढच्या शनिवार-रविवारला जोडून लेबर डेची सुट्टी आहे. कॅलिफोर्नियातल्या बे एरिया आणि सॅक्रामेंटोतल्या बऱ्याच मराठी घरांचे ताहो तळ्याकाठी जायचे बेत ठरलेले असणार. आमचंही साउथ लेक ताहोला केबिन बुक होतं, ते परवा रद्द केलं. शहराला सक्तीने बाहेर पडायचा आदेश अजून नाही, म्हणून मालक पैसे परत द्यायला तयार नाही. न देऊ देत. ज्यांचं बुकिंग अजून आहे त्यांनी ते रद्द करावं, एवढ्यासाठीच हा धागा काढते आहे.

ज्यांनी बातम्या नीट पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. १४ ऑगस्टला एल डोराडो काउंटीत, ग्रिझली फ्लॅट्स या छोट्या गावाच्या दक्षिणेला कॅल्डोर वणवा लागला. उत्तरेकडे डिक्सी वणवा आधीपासून लाखो एकर जाळत होता, राज्याची पुष्कळशी माणसं आणि विमानं तिकडे गुंतलेली होती. १६ तारखेच्या रात्री वारा सुटला आणि ग्रिझली फ्लॅट्स जळून गेलं. शाळा, पोस्ट ऑफिस, चारशेच्या वर घरं. आज वणवा दीड लाख एकरांच्या आसपास आहे आणि अमेरिकन नदीच्या दरीतून, हायवे ५० च्या कडेकडेने, एको समिट या खिंडीच्या दिशेने चढतो आहे. एको समिट ओलांडली की खाली थेट तळ्याचं खोरं.

तिथे राहणारं कोणी इथे असेल तर कृपया लिहा.

घाटरस्ता | २८ ऑगस्ट २०२१, सकाळी १०:०२

निळाई, चांगलं केलंत. मी प्लॅसरव्हिलला राहतो. हायवे ५० पोलॉक पाइन्सच्या वर आठवडाभर बंद आहे. "दुसऱ्या रस्त्याने जाऊ" म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो.

ताहोचं खोरं चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे आणि बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच. पश्चिमेचा ५० बंद. दक्षिणेला ल्यूथर पासवरून जाणारा ८९, पण वणवा त्याच अंगाला सरकतोय. मग उरतो पूर्वेला नेवाडा राज्यात उतरणारा किंग्जबरी घाट, स्पूनरवरून कार्सन सिटीला जाणारा ५०, आणि पार उत्तरेच्या टोकाचे ट्रकी नि माउंट रोझचे रस्ते. यातले बहुतेक रस्ते येण्याला एक, जाण्याला एक लेनचे. शहरात बावीसएक हजार माणसं राहतात. आदेश निघेल त्या दिवशी ती सगळी एकाच वेळी याच रस्त्यांवर येणार. सुट्टीसाठी गेलेली आपली गाडी तिथल्या कोणाच्या तरी गाडीच्या पुढे उभी असेल. त्यात म्हातारी माणसं असतील, ऑक्सिजनवरचा रुग्ण असेल. मला एवढं एक कारण पुरतं.

चकवा | २८ ऑगस्ट २०२१, दुपारी १२:४०

थोडा वेगळा सूर लावतो. सिएरा नेवाडा डोंगररांगेचा माथा म्हणजे उघडा ग्रॅनाइट, झाडं तुरळक. पश्चिमेचा वणवा माथा ओलांडून पूर्वेला उतरल्याचं उदाहरण नाही असं लहानपणापासून तिथे राहिलेले लोक सांगतात. आपण फार घाबरवत तर नाही ना? तिथल्या हॉटेलवाल्यांचं, दुकानदारांचं पोट याच सुट्ट्यांवर आहे.

देवराई | २८ ऑगस्ट २०२१, दुपारी २:१५

चकवा, उदाहरण नव्हतं, ते याच महिन्यात घडलं. डिक्सी वणवा सिएराचा माथा ओलांडून पलीकडे गेला. नोंदींमध्ये असं पहिल्यांदाच झालंय.

मी वनशास्त्राशी संबंधित काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्वाळा दगडावरून चालत येत नाहीत हे खरंच. पण मोठा वणवा पुढे सरकतो तो उडणाऱ्या निखाऱ्यांवर. जळती साल, शंकू, डहाळ्यांचे तुकडे धुराच्या लोटाबरोबर वर जातात आणि वाऱ्याने अर्धा मैल, मैलभर पुढे जाऊन पडतात. खाली वाळलेल्या सुयांचा थर असला की तिथे नवी आग. मग ग्रॅनाइटचा पट्टा कितीही रुंद असो. त्यात नैर्ऋत्येचा वारा आणि या दरीची दिशा जुळलेली आहे. दिवसा दरीतला वारा वर चढतो, आणि चढावर ज्वाळा वरच्या झाडांना आधीच तापवून ठेवतात.

जंगलाची अवस्थाही पाहा. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियात दहा कोटींहून अधिक झाडं मेली, त्यात सिएराचा वाटा सगळ्यात मोठा. गेली दोन वर्षं पुन्हा कोरडी गेली. सध्या पडणाऱ्या शंभर निखाऱ्यांतले नव्वद पेट घेतील इतकं सगळं वाळलेलं आहे.

दुकानदारांबद्दलचं म्हणणं मनापासून पटतं. पण त्यांना मदत करायची तर पुढच्या मोसमात जाऊ या.

मेयर्सकर | २९ ऑगस्ट २०२१, रात्री ८:३०

आम्ही मेयर्सला राहतो, एको समिटच्या पायथ्याशी. आज दुपारपासून राख पडतेय. आकाश गडद केशरी. गेले काही दिवस हवेचा निर्देशांक ५०० च्या वर जातोय, म्हणजे मोजपट्टीच संपते. घराच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो होतो.

सामान गाडीत भरलंय, निघतो आहोत. इथे दोन पायऱ्या असतात. "वॉर्निंग" म्हणजे तयार राहा, वेळ लागणाऱ्यांनी आत्ताच निघा. "ऑर्डर" म्हणजे जीवाला धोका आहे, तडक निघा. आमच्या घरी सासूबाईंना चालायला त्रास आहे, म्हणून ऑर्डरची वाट पाहणार नाही.

काय घेतलं ते लिहितो, कोणाला उपयोग होईल. औषधं आणि चष्मे. पासपोर्ट, विम्याचे कागद. प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, मोबाइलवर व्हिडिओ, विम्याला पुढे लागतो. देवघरातला टाक. मुलाने त्याची स्केचबुकं घेतली, बाकी खेळणी ठेवली. घराबाहेरचं लाकडी फर्निचर, पायपुसणी, झाडू, जळाऊ लाकडं भिंतीपासून लांब नेऊन टाकली. खिडक्या बंद, दारं बंद, कुलूप न लावता. दिवे चालू ठेवलेत, धुरात अग्निशामकांना घर दिसावं म्हणून. गॅस बंद.

कार्सन व्हॅलीत मित्राकडे जातोय. पोहोचलो की कळवतो.

निळाई | २९ ऑगस्ट २०२१, रात्री ८:३४

सांभाळून जा. सासूबाईंना नमस्कार सांगा. वाट पाहतोय आम्ही सगळे.

घाटरस्ता | ३० ऑगस्ट २०२१, दुपारी १:२०

आज सकाळी संपूर्ण साउथ लेक ताहोला ऑर्डर निघाली. हॉस्पिटलमधले रुग्ण काल हलवले होते, ते बरं झालं. हायवे ५० वर नेवाडाच्या दिशेने मैलोन्मैल गाड्या उभ्या आहेत, तासन् तास हलत नाहीत. छतांवर सायकली, कयाक, पिंजऱ्यात मांजरं. मेयर्सकर, कुठे आहात?

मेयर्सकर | ३० ऑगस्ट २०२१, दुपारी ३:०५

रात्रीच पोहोचलो. सुखरूप आहोत. शेजारी सकाळी निघाले, ते अजून रस्त्यात आहेत.

चकवा | ३० ऑगस्ट २०२१, रात्री १०:४५

वणव्याने एको समिट ओलांडली. मेयर्सशेजारच्या ख्रिसमस व्हॅलीच्या वरच्या उतारावर ज्वाळा दिसताहेत. नेवाडा विद्यापीठाचे डोंगरांवरचे वणवा-कॅमेरे ऑनलाइन थेट दिसतात, त्यावर पाहतोय. देवराई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. मेयर्सकर, तुमच्या घरासाठी प्रार्थना.

पाऊलवाट | ३१ ऑगस्ट २०२१, सकाळी ७:५०

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी: केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसने कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी नॅशनल फॉरेस्ट्स आज रात्रीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद केली आहेत. ताहोजवळच्या डेझोलेशन वाइल्डरनेस या राखीव रानाचं परमिट हातात असलं तरी जाता येणार नाही. आणि अशा वेळी गुपचूप जाऊच नका. तुम्ही हरवलात तर शोधायला येणारं हेलिकॉप्टर आगीवरून काढून आणावं लागतं.

सिएरा-अ‍ॅट-ताहो स्की रिसॉर्टवर बर्फ बनवायच्या तोफांनी इमारतींवर पाणी मारताहेत असं कळलं. मुख्य लॉज उभं आहे, आजूबाजूचं जंगल मात्र फार जळलंय.

मेयर्सकर | ५ सप्टेंबर २०२१, संध्याकाळी ६:१५

ऑर्डर मागे घेऊन वॉर्निंगवर आणली. घर उभं आहे. ख्रिसमस व्हॅली, मेयर्स, साउथ लेक ताहो, कुठेही घर गेलं नाही. वरती हायवे ५० च्या कडेची, एको समिटच्या आसपासची काही केबिन्स मात्र गेली. रिकाम्या शहरात अस्वलं फिरत होती, काही घरांत शिरून त्यांनी फ्रीज उपसले. आमच्याकडे नुसती राख. अंगणात काळ्या पडलेल्या सुया, एकेक बोटभर लांब, आमच्या दारापर्यंत उडत आलेल्या.

या धाग्यावर रोज कोणी ना कोणी चौकशी करत होतं. मनापासून आभार.

निळाई | १२ जून २०२२, सकाळी ११:३०

धागा वर आणते आहे. उन्हाळा आला, बेत पुन्हा ठरू लागले. गेल्या वर्षी जीव टांगणीला लागला होता. नंतर आकडे कळले: २१ ऑक्टोबरला वणवा पूर्ण आटोक्यात आला. २ लाख २१ हजार एकरांहून जास्त, हजारावर घरं-इमारती नष्ट. तरी ताहो वाचलं. देवराई, ते वाचलं कशामुळे? "वारा पडला म्हणून" असं बहुतेक जण म्हणतात.

देवराई | १२ जून २०२२, रात्री ९:४०

वारा पडला हे खरंच. १ सप्टेंबरनंतर हवामान निवळलं नसतं तर आज वेगळं लिहावं लागलं असतं. हजारो अग्निशामक तिथे आणून ठेवले होते, हेही तितकंच खरं. पण तिसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते, आणि मला तीच सांगायची आहे.

ताहोच्या खोऱ्यातलं आजचं जंगल मुळात निरोगी नाही. १८६० नंतर व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींना लाकूड हवं होतं, म्हणून तळ्याभोवतीचे डोंगर जवळजवळ सपाट तोडले. नंतर जे उगवलं ते सगळं एका वयाचं, दाटीवाटीचं. त्याआधी इथले मूळ रहिवासी वॉशो लोक इथे मुद्दाम छोट्या आगी लावत, विजांच्याही लागत. त्या जमिनीलगत फिरून पाचोळा, रोपटी खात आणि जाड सालीचे जेफ्री पाइन तसेच उभे राहत. पुढे सरकारने प्रत्येक आग विझवायचं धोरण घेतलं. १९३५ पासून तर फॉरेस्ट सर्व्हिसचा नियमच होता की लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत काबूत आली पाहिजे. चांगल्या हेतूने, पण दशकानुदशकं सरपण साठत गेलं. मोठ्या पाइनच्या खाली फरची झाडं शिडीसारखी दाटली. आग त्या शिडीने शेंड्याला पोहोचते आणि शेंड्याला लागलेली आग माणसाला विझवता येत नाही.

२४ जून २००७ ला मेयर्सजवळ अँगोरा वणवा लागला. कोणीतरी बेकायदा शेकोटी केली होती, ती नीट विझवली नव्हती. ३,१०० एकर, म्हणजे कॅल्डोरच्या मानाने अगदी छोटा. पण त्यात २५४ घरं गेली. मेयर्सकर हे जाणतीलच. त्यानंतर कॅलिफोर्निया आणि नेवाडाने मिळून कमिशन नेमलं, पैसा उभा राहिला आणि वस्त्यांच्या कडेने हजारो एकर विरळणी झाली. लहान झाडं काढायची, खालच्या फांद्या छाटायच्या, ढीग करून हिवाळ्यात बर्फावर जाळायचे. वर्षानुवर्षं चालणारं हे काम कॅमेऱ्यात दिसत नाही.

कॅल्डोर ख्रिसमस व्हॅलीच्या वर आला तेव्हा विरळणी केलेल्या पट्ट्यात ज्वाळा शेंड्यांवरून खाली जमिनीवर उतरल्या. तिथे माणसं उभी राहून आग थोपवू शकली.

आता ग्रिझली फ्लॅट्स पाहा. त्या गावाभोवतीही अशाच विरळणीचा प्रकल्प आखलेला होता. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. वणवा आला तेव्हा त्यातला छोटासा भागच झाला होता.

पाऊलवाट | १२ जून २०२२, रात्री १०:२०

देवराई, आदर ठेवून थोडा विरोध. विरळणीच्या नावाखाली मोठी, विकाऊ झाडं तोडली जातात हे सिएरात झालेलं आहे. आणि जोराच्या वाऱ्यात विरळ जंगलातूनही निखारे उडतातच. याच वणव्यात आधी काम केलेले काही भागही जळले ना?

देवराई | १३ जून २०२२, सकाळी ८:०५

जळले. तुमचा आक्षेप रास्त आहे. झाडं काढून फांद्या तिथेच सोडल्या तर आग उलट वाढते. पट्टा अरुंद असला, दहा वर्षांत पुन्हा हात फिरवला नाही, तर उपयोग ओसरतो. म्हणूनच मी "लाकूडतोड" म्हणत नाही. लहान झाडं काढणं आणि त्यानंतर योग्य हवामानात नियंत्रित आग लावणं, दोन्ही मिळून काम होतं. मोठे जेफ्री पाइन आणि शुगर पाइन राखायचेच, तेच तर आग सोसतात. विरळणीने आग थांबत नाही, लढता येण्याजोगी होते.

घाटरस्ता | १३ जून २०२२, दुपारी १२:५०

ग्रिझली फ्लॅट्सबद्दल मला लिहायलाच हवं, कारण ते आमच्या काउंटीत आहे. तळं जगाला माहीत आहे. वणवा त्याच्या जवळ आला तेव्हा देशभरातून कुमक आली, चॅनेलांच्या गाड्या आल्या. ते व्हायलाच हवं होतं. पण ग्रिझली फ्लॅट्स जळालं त्या रात्री तिथे फार थोडी माणसं होती. पुढे घरं गेलेल्या कुटुंबांसाठी फेमा या केंद्रीय आपत्ती-मदत संस्थेची वैयक्तिक मदत राज्याने मागितली, ती नाकारली गेली. अपील केलं, तेही फेटाळलं. बरेच जण विम्याशिवाय होते, कारण डोंगरातला विमा परवडेनासा झालाय. आजही काही कुटुंबं आपल्याच प्लॉटवर ट्रेलरमध्ये राहतात. कॅल्डोर म्हटलं की सगळ्यांना ताहो आठवतं, याचा मला खरोखर त्रास होतो.

निळाई | १३ जून २०२२, दुपारी १:१५

घाटरस्ता, धाग्याचं शीर्षक मीच ताहोवरून दिलं. तुमचं वाचून त्या गावाबद्दल शोधून वाचायला बसले आहे. तिथे मदत कुठे पोहोचवायची ते खात्रीचं माहीत असेल तर मला निरोपात कळवाल का?

चकवा | १३ जून २०२२, रात्री ८:३०

तळ्याच्या पाण्याचं काय झालं? राख एवढी पडली.

मेयर्सकर | १४ जून २०२२, सकाळी ७:१०

तळ्याची पारदर्शकता यूसी डेव्हिस विद्यापीठाचे लोक १९६८ पासून मोजतात. पांढरी तबकडी पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंतची खोली नोंदवायची. पहिल्या वर्षी ती सरासरी १०२ फूट होती, २०२१ ची ६१ फूट. पण ही घसरण जुनीच आहे. रस्त्यांवरून येणारी बारीक माती, बांधकामं, तापणारं पाणी, सगळ्यांचा त्यात हात आहे. राखेतून नायट्रोजन-फॉस्फरस मिळून शेवाळ वाढतं, धुराने सूर्यप्रकाश अडतो, हे परिणाम अजून अभ्यासले जाताहेत. तळं ५०१ मीटर खोल आहे. त्रेसष्ट ओढे-नद्या त्यात येतात आणि बाहेर जाते ती एकटी ट्रकी नदी. आत गेलेली माती सहज बाहेर पडत नाही. खोऱ्याच्या आत सुमारे दहा हजार एकर जळलंय. पावसात त्या उतारांची माती अप्पर ट्रकी नदीतून खाली येईल, आमचं लक्ष तिकडे आहे.

पाऊलवाट | १४ जून २०२२, सकाळी ९:२५

आम्ही जुलैत जायचं ठरवतोय. मेयर्सकर, तिथे राहणारा माणूस म्हणून सांगा, आम्ही काय केलं तर तुम्हाला बरं वाटेल?

मेयर्सकर | १४ जून २०२२, रात्री ९:००

जरूर या. गेल्या उन्हाळ्याने इथल्या लोकांचं कंबरडं मोडलंय.

निघायच्या आदल्या दिवशी एअरनाऊ या हवेची प्रत दाखवणाऱ्या साइटवर धुराचा नकाशा आणि हवामान खात्याची रेड फ्लॅग वॉर्निंग पाहा. रेड फ्लॅग म्हणजे कोरडी हवा आणि जोराचा वारा एकत्र. त्या दिवशी शेकोटी, कोळशाची शेगडी, काहीही पेटवू नका. केबिनचा पत्ता आणि इव्हॅक्युएशन झोनचा (बाहेर पडायचे आदेश ज्या विभागानुसार निघतात त्याचा) क्रमांक कागदावर लिहून घ्या, नेटवर्क जातं. संध्याकाळी पोहोचलात की गाडीत निम्म्याहून जास्त पेट्रोल असू द्या आणि गाडी रस्त्याकडे तोंड करून लावा. मुलांना चांगले बसणारे एन-९५ मास्क घ्या, कापडी मास्कने धूर अडत नाही.

शेकोटीबद्दल माझी हात जोडून विनंती आहे. अधिकृत कॅम्पग्राउंडच्या बाहेर नकोच. तिथे बाहेर साधा गॅस स्टोव्ह वापरायचा तरी कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट लागतं, ते ऑनलाइन आणि मोफत मिळतं. कॅम्पग्राउंडमध्ये परवानगी असेल तेव्हा विझवताना भरपूर पाणी ओता, फावड्याने ढवळा, पुन्हा ओता, मग हाताची पालथी बाजू जवळ धरून पाहा. ऊब लागली तर अजून विझलेली नाही. माती टाकून झाकू नका, खाली निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात.

आणि वॉर्निंग आली तर त्याच तासाला निघा. उरलेली रात्र, भरलेले पैसे, मुलांचा हट्ट, काही मध्ये येऊ देऊ नका. आम्हाला मागे घर सोडायचं असतं, थोडा वेळ लागतो. तुमची बॅग तेवढी उचलायची असते.

पाऊलवाट | १४ जून २०२२, रात्री ९:२०

धन्यवाद. हे सगळं छापून गाडीत ठेवतो. स्टोव्हच्या परमिटचं माहीत नव्हतं, आत्ताच काढलं.